पडण्याची विद्या

माझी सात वर्षांची नात जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जाते. पहिल्या दिवशी तिला सोडायला मीच गेले होते. आता कोलांट्या शिकवतील, कमान शिकवतील अशा अपेक्षेने आम्ही पाच-सहा आया-आज्या भिंतीकडेला बसलो. पण बाईंनी तो सगळा तास मुलांना फक्त पडायला शिकवले. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोके आपटत नाही. हात मागे ताठ टेकायचे नाहीत. मनगट नाहीतर कोपर जाते. उंचावरून उतरताना गुडघे वाकवायचे. तोल गेलाच तर त्याच्याशी भांडायचे नाही, तो जिकडे नेईल तिकडे गडगडत जायचे. मुले खिदळत पडत होती. शेजारच्या बाई कुजबुजल्या, "एवढी फी भरून पडायला शिकवतात?"

मलाही हसू आले. पण घरी येताना जाणवले, की जवळजवळ पन्नास वर्षे मी हा खेळ आवडीने पाहत आले आणि पडण्याचा विचार मात्र कधी केला नाही. नंतरचे काही महिने या विषयावर मिळेल ते वाचत-पाहत गेले. त्यातून हाती लागलेली गोष्ट नुसत्या जिम्नॅस्टिक्सची नाही, ते पाहताना आपण टाळ्या कशाला वाजवतो याचीही आहे.

माझी टाळी 1976 सालची. मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाची नादिया कोमानेची असमान उंचीच्या दांड्यांवर कसरत करून उतरली आणि गुणफलकावर 1.00 हा आकडा उमटला. दहापैकी दहा गुण कुणाला मिळतील अशी कल्पनाच नसल्यामुळे फलकावर दहाचा आकडा दाखवायची सोय नव्हती. नादिया चौदा वर्षांची होती आणि मीही. वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून मी वहीत चिकटवला होता. त्या स्पर्धेत तिला सात वेळा पूर्ण दहा गुण मिळाले. अमेरिकेत तिच्या चित्रफितींना एका जुन्या चित्रपटातली धून जोडून दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. ती धून 'नादियाज थीम' या नावाने गाजली, वास्तविक नादियाने तिच्यावर कधीच कसरत केली नव्हती. लोकप्रियता अशीच काम करते. खेळावर ती आपले संगीत चढवते आणि मग ते संगीत खेळाचेच वाटू लागते.

या संगीताखाली एक बदल होऊन गेला. लारिसा लातिनिना, वेरा चास्लावस्का या आधीच्या काळातल्या विजेत्या प्रौढ स्त्रिया होत्या. 1972 मध्ये ओल्गा कोर्बुत आणि चार वर्षांनी नादिया आली आणि जगाच्या मनातली जिम्नॅस्ट लहान मुलगी झाली. याला शरीरशास्त्राचाही आधार होता. लहान, आटोपशीर शरीराला हवेत वेगाने फिरणे सोपे जाते. मग अवघड कसरती वाढल्या तसे सरावाचे वय खाली आले. ऑलिंपिकसाठीची किमान वयोमर्यादा आधी चौदा होती, पुढे पंधरा झाली आणि 1997 पासून सोळा. आजच्या नियमाने मॉन्ट्रियलची नादिया मैदानात उतरूच शकली नसती.

आता प्रशिक्षणाकडे येऊ. मुलींची समतोलाची फळी दहा सेंटिमीटर रुंद असते आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच. त्या फळीवर मागे कोलांटउडी मारणारी मुलगी ती एका दिवसात शिकलेली नसते. आधी जमिनीवर आखलेली रेघ, मग जमिनीवरच ठेवलेली फळी, मग दोन्ही बाजूंना गाद्या रचलेली उंच फळी आणि शेवटी उघडी फळी. नव्या गिरक्या आधी स्पंजाच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात घ्यायच्या, मग जाड गादीवर, मग नेहमीच्या गादीवर. शेजारी प्रशिक्षक हात देऊन उभा असतो. काही ठिकाणी कमरेला दोर बांधतात. एवढे करायचे कारण जमिनीवर उतरण्यात आहे. मोठ्या उड्यांनंतर पायांवर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. हातांवर वारंवार भार घेणाऱ्या मुलांमध्ये मनगटाचे दुखणे इतके ठरलेले, की वैद्यकात त्याला जिम्नॅस्टचे मनगट असेच म्हणतात.

म्हणजे सुरक्षिततेचे थर असतात: गादी, खड्डा, आधाराचा हात, पायरीपायरीने शिकवणे. पण या सगळ्यांच्या आत एक थर आहे आणि तो विकत आणता येत नाही. तो म्हणजे जिम्नॅस्टचे स्वतःचे म्हणणे, 'आज नको, आज मला हे जमणार नाही.' हा थर काढून घेतला की काय होते, ते येलेना मुखिनाच्या कथेत दिसते.

मुखिना सोव्हिएत संघाची. 1978 मध्ये ती जगज्जेती झाली. त्यानंतर तिला 'थॉमस साल्तो' ही कसरत शिकायला लावण्यात आली. ती मूळची पुरुषांची. हवेत दीड पीळ आणि पावणेदोन कोलांट्या घेऊन पायांवर न उतरता थेट पुढच्या कोलांटीत लोळत जायचे. उंची जरा कमी पडली तर हनुवटी किंवा मान आधी जमिनीला लागणार. 1979 मध्ये तिचा पाय मोडला आणि तो पुरता सांधण्याआधीच सराव सुरू झाला. आपली मान मोडेल असे तिने प्रशिक्षकाला सांगितले होते. तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नसतात, अशा अर्थाचे उत्तर तिला मिळाले. 1980 च्या जुलैत, मॉस्को ऑलिंपिक काही आठवड्यांवर आले असताना, सराव करताना ती मानेवर पडली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. नंतर ती कधी चालली नाही. 2006 मध्ये वारली. पडल्यावर मनात आलेला पहिला विचार तिने पुढे एका मुलाखतीत सांगितला: आता ऑलिंपिकला जावे लागणार नाही. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मान मोडली तेव्हा कुठे तिला 'नको' म्हणता आले.

अशा लोळण घेणाऱ्या कसरतींवर नंतर बंदी आली. कोर्बुतची दांडीवर उभे राहून मागे झेप घेण्याची जगप्रसिद्ध कसरतही आज नियमबाह्य आहे. या खेळाचे पुष्कळ नियम कुणाच्या ना कुणाच्या पडण्यानंतर आले. 1988 मध्ये टोकियोला अमेरिकेच्या जुलिसा गोमेझचा पाय व्हॉल्टच्या उसळफळीवरून निसटला. तीन वर्षांनी तिचा मृत्यू झाला. आज तशा उडीसाठी फळीभोवती नालाच्या आकाराची गादी सक्तीची आहे. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टचा घोडा चुकून पाच सेंटिमीटर खाली लावला गेला. जगातल्या उत्तमोत्तम मुली एकामागून एक पडत राहिल्या. शेवटी एका ऑस्ट्रेलियन जिम्नॅस्टने उंची तपासायला लावली तेव्हा चूक सापडली. तोवर पडणाऱ्या मुलींना आपलेच काही चुकले असे वाटले असणार. पुढच्याच वर्षी त्या अरुंद घोड्याच्या जागी रुंद, उतरते मेज आले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार, पण विहीर खणली तरी गेली.

आपल्या टाळ्या मात्र बदलल्या नव्हत्या. 1996 मध्ये अटलांटात केरी स्ट्रगने घोटा दुखावलेला असताना दुसरा व्हॉल्ट मारला, एका पायावर तोल सावरला आणि ती कोसळली. प्रशिक्षक तिला उचलून पदकमंचाकडे नेत असल्याचे छायाचित्र शौर्याचे प्रतीक बनले. गुणांचा हिशेब नंतर मांडला गेला, तेव्हा दिसले की तिच्या त्या उडीवाचूनही सुवर्णपदक अमेरिकेलाच मिळणार होते. 2012 मध्ये मकायला मरोनी रौप्यपदक घेताना ओठ मुडपून उभी राहिली आणि त्या चेहऱ्यावर जगभर विनोद झाले. पाच वर्षांनी तिने जाहीर केले की संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने आपले लैंगिक शोषण केले होते. दीडशेहून अधिक स्त्रियांनी न्यायालयात त्याच्यासमोर आपली कहाणी सांगितली. दुखले तरी बोलायचे नाही, मोठ्यांना विचारायचे नाही, हे ज्या मुलींना वर्षानुवर्षे शिकवले गेले, त्यांच्यात त्याला फावले. शरीराविषयी 'नको' म्हणायची सवय मोडली की ती फक्त फळीवरच मोडलेली राहत नाही.

म्हणूनच टोकियोतली 2021 ची ती संध्याकाळ मला महत्त्वाची वाटते. सिमोन बाइल्सला व्हॉल्टवर अडीच पीळ घ्यायचे होते, दीडच झाले. हवेत आपण कुठे आहोत याचे भान सुटले होते. डोळे, आतला कान आणि स्नायूंची आठवण यांचा मेळ बिघडला की असे होते. जिम्नॅस्टांमध्ये त्याला 'ट्विस्टीज' म्हणतात. आपण डोक्यावर उतरणार की पायांवर, हे त्या क्षणी कळत नाही. बाइल्सने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. पुष्कळांनी तिला पळपुटी म्हटले. काही दिवसांनी पीळ नसलेली उतरण निवडून तिने समतोल फळीवर कांस्यपदक मिळवले आणि 2024 मध्ये पॅरिसला पुन्हा सर्वंकष विजेती झाली. मुखिनाला जे म्हणू दिले गेले नाही, ते बाइल्स म्हणाली.

आपण भारतीयही यात मागे नाही. 2016 मध्ये आगरतळ्याची दीपा कर्माकर रिओला प्रोडुनोव्हा व्हॉल्ट मारणार होती, तेव्हा घरोघर त्याचे नाव 'मृत्यूचा व्हॉल्ट' असे झाले. मीही ते नाव रंगवून सांगत होते. 2006 नंतरच्या पद्धतीत काठिण्याचे आणि सफाईचे गुण वेगळे मोजून बेरीज होते. सगळ्यांत अवघड उडी निवडली की सुरुवातच वरून होते. साधनांची मोठी परंपरा नसलेल्या देशातल्या मुलीला पदकाच्या जवळ जायला तो एक रस्ता होता. दीपा जवळजवळ बसत उतरली, पण सावरली. 15.066 गुण मिळाले आणि कांस्यपदक 0.150 ने हुकले. खड्ड्यात, गाद्यांवर पुन्हा पुन्हा मारलेल्या उड्यांमुळे तो व्हॉल्ट तिच्या शरीराला ठाऊक झाला होता. आपण मात्र मृत्यूचे नाव लक्षात ठेवले आणि सराव विसरलो. पदक मिळवण्याइतकीच तिची सहीसलामत परत येण्याची कला मोठी होती.

गेल्या महिन्यात नातीची फळीवर चालायची पाळी आली. ती मध्यावर थांबली आणि म्हणाली, "मला भीती वाटते." भिंतीकडून दोन-तीन आवाज आले, "घाबरू नकोस गं, तू शूर आहेस ना!" माझ्याही ओठांवर तेच आले होते. बाईंनी तिला हात धरून खाली उतरवले, फळी एक खाच खाली घेतली आणि विचारले, "आता?" ती चालत गेली.

परतीच्या वाटेवर मी तिला शाबासकी दिली. कशाबद्दल, असे तिने विचारले. भीती वाटते म्हणून सांगितलेस, त्याबद्दल, असे मी म्हणाले.