बोरघाटातले भागाकार

मुंबईहून पुण्यास निघालेली गाडी १९२ किलोमीटरांचा लोहमार्ग तीन तास बारा मिनिटांत ओलांडते असे तूर्त धरून चालू. अंतराला काळाने भागले की ताशी ६० किलोमीटर हा आकडा हाती येतो, आणि बहुतेक उतारूंच्या लेखी गाडीच्या वेगाची सारी कैफियत तेथेच संपते. वास्तविक या आकड्याइतका भिडस्त साक्षीदार दुसरा नसेल. कल्याण सोडल्यावर सपाटीवर गाडी भरधाव सुटली, मागून लोटणारी इंजिने जोडण्यासाठी कर्जतला निश्चल उभी राहिली आणि पुढे ३७ फुटांस एक फूट अशा चढणीचा बोरघाट धिमेपणाने चढून गेली, यांपैकी एकाही गोष्टीची तो वाच्यता करीत नाही. सरासरी म्हणजे जमाखर्चाची अखेरची ओळ. रोजकीर्द तिच्यात शोधू नये.

शिवाय हा आकडा वेगाचा नव्हे, चालीचा. बोलण्यात आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो, पण पदार्थविज्ञानाच्या दप्तरात त्यांची खाती निराळी आहेत. चाल काढताना रूळ जसे वळतील तसे अंतर मोजावे लागते. वेग मात्र, निघालो कोठून आणि पोहोचलो कोठे, एवढेच पाहतो, आणि त्या दोन स्थळांमधील सरळ रेषेला, म्हणजे विस्थापनाला, दिशेसह काळाने भागतो. मुंबई-पुणे ही सरळ रेषा सुमारे १२० किलोमीटरांची. म्हणून सरासरी वेग ताशी साडेसदतीस किलोमीटर, आणि तो पूर्वेकडून किंचित दक्षिणेस कललेला. जो गृहस्थ पहाटे पुण्याहून निघून मुंबईची कचेरी गाठतो व रात्री आपल्याच उंबरठ्यावर परत येतो, त्याचे दिवसाचे विस्थापन शून्य, अर्थात सरासरी वेगही शून्य. ३८४ किलोमीटरांचा शीण अंगात मुरलेला असताना त्याने या निकालावर अपील केले, तर मी त्याला दोष देणार नाही.

पण गाडीची या घटकेची चाल कशी काढावी? रुळांलगतच्या विजेच्या खांबांवर किलोमीटरचा अंक व त्याखाली खांबाचा अनुक्रम रंगवलेला असतो; किलोमीटरचा अंक एकदा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंत घड्याळात ४८ सेकंद भरले, तर ३६०० ला ४८ ने भागून ताशी ७५ किलोमीटर हे उत्तर मिळते. अर्थात हीही एका किलोमीटरापुरती सरासरीच. लागोपाठच्या दोन खांबांमधले अंतर घेतले तरी तीच गत. मात्र काळाचा तुकडा असा लहान लहान करीत गेले म्हणजे भागाकार ज्या संख्येशी येऊन स्थिरावू लागतो, ती त्या क्षणाची, तात्कालिक चाल. हा शब्द आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणीत ग्रहांच्या तात्कालिकी गतीचा विचार केला, तो निव्वळ हौसेखातर नव्हे. चंद्र दिवसाकाठी कधी सुमारे १२ तर कधी १५ अंश पुढे सरकतो. अशा लहरी प्रवाशाची गती दिवसभर एकच मानून तिथीची समाप्ती काढू गेल्यास हिशेब चुकतो, आणि म्हणून जवळच्या तिथ्यंतासाठी त्या वेळेचीच गती घेणे भाग पडते.

वेग बदलण्याचा जो दर, ते त्वरण. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर; या वेगाने सरळ मार्गावरून येणारी गाडी ४० सेकंदांत थांबली, तर तिचा वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरने घटत गेला. त्वरणाच्या एककात सेकंद दोनदा का येतो, याचा उलगडा येथेच होतो: एक सेकंद वेगाच्या मापातला, दुसरा तो वेग बदलण्याच्या मापातला. घट एकसारखी असेल तर या काळातला सरासरी वेग सेकंदास १० मीटर, म्हणून गाडी थांबेपर्यंत ४०० मीटर मार्ग खाते.

घाटातील वळणावर मात्र चालकापुढील काटा ताशी ३६ किलोमीटरांवर, म्हणजे सेकंदास १० मीटरांवर, खिळलेला असूनही त्वरण असतेच, कारण चाल तीच राहिली तरी दिशा क्षणोक्षणी पालटत असते. वळणाची त्रिज्या ४०० मीटर धरून चालीच्या वर्गाला तिने भागले, तर सेकंदास पाव मीटर, दर सेकंदाला, इतके हे त्वरण निघते. म्हणजे मघाच्या ब्रेकच्या नेमके निम्मे, आणि तेवढ्याने डुलकी घेणाऱ्या उतारूची मान हळूच शेजाऱ्याच्या खांद्याकडे कलू लागते.