टायटॅनियमची पट्टी टाकली की हाड लवकर जुळतं?

नाशिकमधल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्याबाहेर, नातेवाइकांच्या घोळक्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: “स्टील नको, टायटॅनियमच टाका. पैसे गेले तरी चालतील, हाड लवकर जुळलं पाहिजे.” निफाड-दिंडोरीकडचं कुटुंब त्यासाठी द्राक्षाचे हाती आलेले पैसे मोडतं, प्रसंगी सोनं गहाण ठेवतं. आणि हे सगळं एका चुकीच्या समजुतीपायी.

पट्टी हाड जुळवत नाही, हाड आपलं आपण जुळतं. तोवर तुकडे जागेवर धरून ठेवणं एवढंच पट्टीचं काम. ते काम ३१६ एल जातीचं वैद्यकीय स्टीलही चोख करतं. दोन्ही धातूंसाठी आयएसओ ५८३२ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे. उगाच कुणी भांड्यांचं स्टील पायात बसवत नसतं.

दोन पट्ट्या हातात घेतल्या तर फरक लगेच कळतो. स्टीलची चकचकीत आणि जड. टायटॅनियमची जवळपास निम्म्या वजनाची, बऱ्याचदा सोनेरी, निळसर किंवा हिरवट. तो रंग लावलेला नसतो. पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे तो दिसतो. ताठपणा पाहिला तर स्टील हाडाच्या साधारण दहापट, टायटॅनियम पाच-सहापट. म्हणजे टायटॅनियम जास्त लवचीक. काही फ्रॅक्चरमध्ये ही लवचीकता उपयोगी पडते, काहींत ताठ पट्टीच बरी. निकेलची ॲलर्जी असेल किंवा त्याच भागाचा एमआरआय पुढे वारंवार लागणार असेल, तर टायटॅनियमला नक्की अर्थ आहे. पण हे डॉक्टरने फ्रॅक्चर बघून ठरवायचं. शेजारच्याला काय टाकलं यावरून नव्हे.

आणखी एक घोळ. ठिसूळ हाडासाठी ‘लॉकिंग’ पट्टी वापरतात. तिचे स्क्रू पट्टीतच आट्यांनी घट्ट बसतात. ती स्टीलमध्येही मिळते. लोक मात्र लॉकिंग म्हणजेच टायटॅनियम धरून चालतात आणि दोन दवाखान्यांच्या खर्चाचे आकडे समोरासमोर ठेवून “तिकडे लुटतात” म्हणतात. एका आकड्यात पट्टी, भूल, सी-आर्म (ऑपरेशनच्या वेळचं एक्स-रे यंत्र), खोली सगळं धरलेलं. दुसऱ्यात नुसतं ऑपरेशन. तुलना व्हायची कशी? पट्टीचा प्रकार, धातू, कंपनी, एमआरपी आणि पॅकेजमध्ये काय-काय येतं, हे लिहून मागा. मागायला संकोच कसला?

“सरकारने इम्प्लांटचे भाव बांधून दिलेत” हे अर्धसत्य आहे. २०१७ मध्ये कमाल किंमत ठरली ती हृदयाच्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची. फ्रॅक्चरच्या पट्ट्यांना तशी कमाल मर्यादा नाही. त्यांची एमआरपी वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढंच.

“फुले योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डाला” हेही आता जुनं झालं. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना आज महात्मा फुल्यांच्या नावाने राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांची. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. पण हे आधी विचारा. बिल भरून झाल्यावर नव्हे.

आता पट्टी तुटण्याविषयी. “हलकी टाकली म्हणून तुटली” असं सर्रास म्हणतात. हाड वेळेत जुळलं नाही, तर सततच्या ताणाने कुठलाही धातू थकतो आणि तुटतो, टायटॅनियमसुद्धा. आणि हाड न जुळण्याच्या कारणांत विडी-सिगारेट, तंबाखू, आटोक्यात नसलेली साखर ही मोठी कारणं. धातूसाठी हजारो रुपये जास्त मोजायचे आणि आजीची मिश्री मात्र चालू ठेवायची, याचा खरोखर संताप येतो.

पट्टी नंतर काढावीच लागते? मोठ्या माणसांत, त्रास नसेल तर सहसा नाही. लहान मुलांत पुष्कळदा काढतात.

अंड्याच्या टरफलाची पूड खाल्ली की हाड लवकर भरतं? टरफल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. प्रयोगशाळेत त्यापासून हाडातलं हायड्रॉक्सीॲपेटाइट हे खनिज बनवता येतं आणि काही कृत्रिम सांध्यांवर अशा पदार्थाचा थरही देतात. तो हाडाने धातूला धरावं म्हणून. धातू त्याने बळकट होत नाही. आणि घरी पूड खाल्ल्याने फ्रॅक्चर झटपट भरत नाही.

हाडवैद्याची करकचून बांधलेली पट्टी मात्र नुसता गैरसमज नाही, धोका आहे. बोटं बधिर, गार किंवा निळसर पडली, दुखणं वाढतच गेलं, तर पट्टी लगेच सोडवून रुग्णालय गाठा. रक्तपुरवठा तुटला की स्नायू काही तासांतच मरतात.