अर्धी गोळी की सात पायऱ्या?

समजा जासई गावात एक मुलगी राहते. उरण तालुक्यातलं जासई, दि. बा. पाटलांचं गाव. मुलगी नुकतीच दहावी झाली, मार्क चांगले पडले आणि पनवेलच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं. दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी घरी येताना तिची बस हायवेवर अडकली. पुढे कंटेनरचा ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूलाही ट्रेलर. बंदराच्या (सगळे ज्याला अजून जेएनपीटीच म्हणतात त्या) रस्त्यानं येणाजाणाऱ्यांना यात नवीन काही नाही. पण त्या दिवशी बसमध्ये गर्दी होती, उकाडा होता, दुपारी डबाही धड खाल्ला नव्हता. अचानक तिची छाती धडधडू लागली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, डोळ्यांपुढे काळोखी आली. "आता मी मरते!" एवढा एकच विचार डोक्यात. कशीबशी ती बसमधून खाली उतरली आणि ट्रेलरच्या सावलीत मटकन बसली. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं ओसरलं.

ओसरलं खरं, पण संपलं नाही. दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर पोहोचताच पुन्हा धडधड. ती घरी परतली आणि काय आश्चर्य, घरी येताच एकदम बरं वाटलं! मग तिसऱ्या दिवशीही ती गेली नाही. महिन्याभरात कॉलेज सुटलं. नंतर बाजारात जाणं बंद, लग्नाकार्याला जाणं बंद.

घरातले काय म्हणतात? आजीनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. कोणी भगताचं नाव सुचवलं. आजोबा म्हणाले, "चौऱ्याऐंशी साली शेतकऱ्यांच्या आंदोलनात आम्ही पोलिसांसमोर उभे राहिलो, गोळीबार पाहिला, आणि तू बसला घाबरतेस?" बाबा म्हणाले, "नाटकं आहेत, राहू दे घरी." आणि आत्यानं आजीच्या औषधांच्या डब्यातून झोपेच्या गोळ्यांची पट्टी काढली. "यातली अर्धी घे आणि बस बसमध्ये. काही होत नाही!"

ही मुलगी मी मनानं रचलेली आहे, बरं का. पण ती अर्धी गोळी रचलेली नाही. तोंडी परीक्षेच्या आधी, मुलाखतीच्या आधी, विमानात बसण्याआधी ती किती घरांत तोडली जाते, हे तुमच्या आईबाबांना विचारा.

आधी आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकू. भित्रेपणा वेगळा आणि हा आजार वेगळा. आपल्या अंगात धोक्याची एक घंटा असते. साप दिसला की ती वाजते, ॲड्रिनलिन नावाचा रस रक्तात सुटतो, हृदय जोरात चालतं, स्नायूंना रक्त मिळतं. पळा किंवा लढा! वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१५ साली हे नीट मांडून दाखवलं. घंटा चांगलीच आहे, ती नसती तर आपले पूर्वज वाघाच्या पोटात गेले असते. पण घरातला कुत्रा जसा चोरावर भुंकतो तसा कधी पोस्टमनवरही भुंकतो, तशी ही घंटा कधी साध्या बसला पाहूनही वाजते. अशा वेळी कुत्र्याला "अरे, तो पोस्टमन आहे" असं समजावून भागत नाही. पोस्टमन रोज यावा लागतो.

आणि इथेच आपल्या मुलीची चूक झाली. चूक म्हणजे दोष नव्हे, तुम्ही-मी असतो तरी हेच केलं असतं. भीती शिखरावर असताना ती बसमधून उतरली. उतरताच बरं वाटलं, म्हणून मन काय शिकलं? "उतरले म्हणून वाचले." खरं तर ती लाट बसमध्ये बसूनही ओसरलीच असती. ते पाहायची संधीच तिला मिळाली नाही.

तर मग मनाला नवं कसं शिकवायचं? याची एक फार गोड गोष्ट आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलावर केलेल्या प्रयोगाची हकिगत छापली. पीटर जेमतेम तीन वर्षांचा. सशाला भ्यायचा, पांढऱ्या उंदराला भ्यायचा, अगदी कापूस आणि पिसालाही भ्यायचा! जोन्सबाईंनी त्याला रागावलं नाही की ससा त्याच्या मांडीवर टाकला नाही. पीटर खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. मग थोडा जवळ. मग आणखी जवळ. मधेच पीटरला ताप येऊन दवाखान्यात राहावं लागलं, शिवाय एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि सगळी भीती परत आली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. मला या गोष्टीतला ससा आवडतोच, पण त्याहून तो मधला कुत्रा जास्त महत्त्वाचा वाटतो. भीती परत आली म्हणजे सगळं वाया गेलं असं नसतं.

आजचे मानसोपचार तज्ज्ञ हीच पद्धत वापरतात, फक्त सोबत विचारांवरही काम करतात. "मी मरते" या विचाराला "पुरावा काय?" असं विचारायला शिकवतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास अशी एक पद्धत मांडली. तरुणपणी एलिस स्वतः भाषणाला इतके घाबरत, की त्यांनी मुद्दामच पुन्हा पुन्हा भाषणं केली, भीती जाईपर्यंत! आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि मराठी माणसांपर्यंत आणली.

आपल्या मुलीची शिडी अशी होईल. पहिली पायरी, बसस्टॉपवर नुसतं दहा मिनिटं उभं राहायचं. दुसरी, बाबांबरोबर सहा आसनी रिक्षानं पुढच्या थांब्यापर्यंत. तिसरी, तेवढंच अंतर बसनं. चौथी, मैत्रिणीबरोबर. पाचवी एकटीनं. सहावी, पनवेलपर्यंत. सातवी, संध्याकाळी ट्रेलरच्या गर्दीच्या वेळी. प्रत्येक वेळी वहीत भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. आणि नियम एकच: लाट चढत असताना उतरायचं नाही, ती खाली येऊ द्यायची. एक पायरी सोपी वाटेपर्यंत पुढची नाही.

श्वास सावकाश सोडणं, रोज चालणं-पळणं, वेळेवर झोप, चहा कमी (हो, चारचार कप चहानंही हृदय धडधडतं आणि हात थरथरतात), हे सगळं उपयोगी आहेच. पण एक सांगून ठेवतो. श्वास मोजला नाही तर मी मरेन, असं वाटू लागलं की त्या श्वासाचा ताईत होतो. तो दंडाला बांधून फिरायचं नाही.

आता गोळी. आईबाबांनो, इथून पुढे तुम्हीही वाचा.

आत्याच्या हातातली गोळी ज्या घराण्यातली आहे, त्यातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञानं ते शोधलं. डायझेपाम, अल्प्राझोलाम ही त्याचीच भावंडं. ती अर्ध्या-एक तासात घाबरेपणा उतरवतात, म्हणून तर लोकांना आवडतात. पण रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीराला सवय लागते, आणि एकदम सोडली तर भीती दुपटीनं येते, कधी फिट्सही येतात. आपल्या देशात २०१४ पासून ही औषधं विकताना दुकानदाराला डॉक्टरची चिठ्ठी पाहून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, ते उगाच नाही. आणि अर्धी गोळी घेऊन मुलगी बसमध्ये बसली, पनवेलला पोहोचली, तरी श्रेय कोणाला? गोळीला! उद्या गोळी नसली की बस पुन्हा तेवढीच भयंकर. म्हणून ती पट्टी आजीच्याच डब्यात राहू द्या, आणि आजीलाही ती का सुरू आहे हे एकदा डॉक्टरांना विचारा.

"मग झाडपाल्याचं देऊ, ते तरी निर्धोक!" असं म्हणणारे शेजारी असतातच. त्यांना सर्पगंधेची गोष्ट सांगा. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे वापरली जाणारी ही मुळी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात दाखवून दिलं, आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. तिच्यातलं रेझर्पिन हे द्रव्य वेगळं काढून मनाच्या आजारांवरही वापरलं गेलं. पण ते घेणारी काही माणसं खोल उदास होऊ लागली. मुळी खरी, गुण खरा, आणि धोकाही खरा.

मानसोपचार तज्ज्ञ लहान-मोठ्या मुलांना दीर्घ चिंतेसाठी औषध देतात ते सहसा वेगळ्याच घराण्यातलं, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिनसारखं. त्याची झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही, पण ते लगेच कामही करत नाही. दोन-चार आठवडे, कधी जास्त, वाट पाहावी लागते. सुरुवातीला पोट बिघडतं, डोकं दुखतं, काही मुलं चुळबुळी होतात. एक गोष्ट मात्र न लपवता सांगायला हवी. २००४ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं या औषधांच्या पाकिटावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, की काही मुलांच्या मनात सुरुवातीच्या काळात स्वतःला इजा करण्याचे विचार वाढू शकतात. अशी मुलं थोडी असतात, पण म्हणूनच पहिले काही आठवडे डॉक्टरांना वरचेवर भेटायचं आणि मुलानं मनातलं बोलायचं, घाबरून लपवायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात गोळी बंद करायची नाही, ती हळूहळू उतरवतात.

मग काय चांगलं, शिडी की गोळी? याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली आणि निकाल २००८ साली छापून आला. ७ ते १७ वर्षांची ४८८ मुलं, उपचार १२ आठवडे. नुसती शिडी आणि विचारांची शिकवण मिळालेल्या १०० मुलांपैकी ६० जणांना चांगला उतार पडला. नुसतं सर्ट्रालिन मिळालेल्या १०० पैकी ५५ जणांना. दोन्ही मिळालेल्यांपैकी ८१ जणांना. आणि औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांपैकी २४ जणांना! म्हणजे कोणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देतंय, एवढ्यानंही काहींना बरं वाटतं. पण दोन्ही मिळूनही १०० पैकी १९ तसेच राहिले, हेही विसरू नका. शिवाय त्या मुलांना लोकांत वावरण्याची, आईपासून दूर जाण्याची किंवा सतत कसली तरी चिंता होती. बसमधल्या झटक्याची भीती असलेल्यांची ती परीक्षा नव्हती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे जासईत चिकटवता येणार नाहीत. शिडी आणि गोळी यांची कुस्ती लावायची गरज नाही, एवढं मात्र त्यातून दिसतं.

माझं मत विचाराल तर साधा प्रश्न हा, की भीतीनं आयुष्य किती लहान केलंय? पोटात गोळा येतो पण मूल शाळेत जातंय, खेळतंय, झोपतंय, तर आधी शिडीच. पण पहिल्या पायरीवर पायच टेकत नसेल, रात्र रात्र झोप नसेल, वर्ष वाया जायची वेळ आली असेल, तर गोळी ही हार नाही. पूर आलेल्या नदीत पोहायला शिकता येत नाही, पाणी जरा उतरावं लागतं. पोहायचं मात्र आपणच.

आपल्या मुलीचं काय झालं? आईनं हिय्या करून १४४१६ हा नंबर फिरवला. ही सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं. मोठी अडचण अशी, की भीती बसची आणि तज्ज्ञ बसच्या दुसऱ्या टोकाला! म्हणून पहिलं बोलणं फोनवरच झालं. मग काकांच्या गाडीतून पनवेलच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी रक्त तपासलं, कारण थायरॉइड बिघडलं तरी अशीच धडधड होते. अहवाल चांगला आला. मग डॉक्टरांनी आईकडे न पाहता मुलीलाच विचारलं, "तुला काय वाटतं, काय करून पाहू या?" ती म्हणाली, "गोळी नको." बरं, म्हणाले, आठ आठवडे शिडी.

दुसऱ्या पायरीपर्यंत ती गेली आणि तिथेच अडकली. रोज दहापैकी नऊ मार्क. झोप उडाली, जेवण उतरेना. आठव्या आठवड्यात तीच म्हणाली, "आता गोळी देऊन पाहा." लहान मात्रेत औषध सुरू झालं. पहिले दहा दिवस मळमळ, बाकी काही नाही. महिन्याभरानं नवाचे सहा झाले, आणि शिडी पुन्हा हलली. आजोबा स्वतः तिसऱ्या पायरीला बसमध्ये तिच्या शेजारी बसले. काही बोलले नाहीत, चणे-फुटाण्याची पुडी तेवढी पुढे केली. दिवाळीनंतर ती पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. एकदा पावसानं रस्ता तुंबला तेव्हा ती पुन्हा उतरून पळाली, म्हणजे पीटरचा कुत्रा आला म्हणायचा! दुसऱ्या दिवशी पाचव्या पायरीवरून परत सुरुवात.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांची भेट आहे. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत. गोळी कमी कधी करायची? परीक्षेच्या आधी की नंतर? आणि कॉलेजची सहल रायगडावर जाणार आहे, चार तास बसनं, तर पैसे भरू का?

तिसऱ्या प्रश्नाखाली तिनं खोडून लिहिलंय, "पैसे भरले. खिडकीची जागा सांगून ठेवली."