बाळाचे जुलाब आणि पाव तासाची तपासणी

वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला आधी ओकाऱ्या, थोडा ताप आणि मग पाण्यासारखे जुलाब. घरातील वडीलधारी म्हणतात, दात येताहेत. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. कुणीतरी औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकची बाटली आणतो. थंडीच्या महिन्यांत आमच्या वाचक मातांना हे नवे नाही.

अशा मुलाला पुष्कळदा रोटा नावाच्या विषाणूने गाठलेले असते. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी मुलांच्या आतड्याच्या अस्तरात तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. दिसायला चाकासारखा, म्हणून रोटा. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक, हे सेमिनरीत शिकलेल्या आम्हांला कुणी सांगावे लागत नाही. त्या काळी निदानाला तसले अवाढव्य यंत्र लागे. आता बाळाची चिमूटभर शी द्रावणात कालवून त्याचे थेंब एका पट्टीवर टाकतात. दहा-पंधरा मिनिटांत दोन रेघा उमटल्या, तर रोटा आहे. एकच उमटली, तर रोटा सापडला नाही एवढेच समजावे; जुलाब करणारे दुसरे विषाणूही आहेत, ते या पट्टीला दिसत नाहीत.

याचा उपयोग काय? अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, विषाणूला नाही. दोन रेघा दिसल्या की ती बाटली बहुधा वाचते, आणि रुग्णालयात त्या मुलाला इतर मुलांपासून वेगळे ठेवता येते. परंतु उपचार काही बदलत नाही, म्हणून सगळेच डॉक्टर ही तपासणी सांगत नाहीत. त्यात त्यांची हयगय आहे असे आम्हांला वाटत नाही.

मूल दगावते ते अंगातले पाणी आटल्यामुळे, आणि ते पाहायला पट्टी लागत नाही. डोळे खोल गेले आहेत का? रडताना अश्रू येतात का? लघवी कमी झाली का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती सावकाश पूर्ववत होत असेल तर पाणी आटले आहे. मूल मलूल पडले, पिईनासे झाले, किंवा शौचात रक्त दिसले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. वाटेतही पिता येत असेल तर पाजत राहावे.

जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. उरलेले २४ तासांनी फेकून द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न बंद करू नये. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवणे घातक आहे. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०.

सरकारी लसीकरणात रोटाची लस २०१६ पासून येऊ लागली. ती सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे मोफत मिळते. लस घेतल्यावर काही दिवस लसीतलाच विषाणू शौचातून बाहेर पडू शकतो व पट्टीवर दुसरी रेघ उमटू शकते. तेव्हा तपासणीच्या वेळी लसीचे कार्ड बरोबर न्यावे.