बाराटांगला निघालात? मोबाइल बॅगेत ठेवा

सेमिस्टर संपली, अंदमानचं तिकीट मिळालं. सेल्युलर जेल, हॅवलॉक, स्कूबा असं सगळं ठरलं. मग एजंट विचारतो, 'एक दिवस बाराटांग करायचं का?' जागा भन्नाट आहे यात वादच नाही. पण हो म्हणण्याआधी एवढं माहीत असू द्या, की या रस्त्यावर तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून जाणार आहात.

पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, पहाटे साडेतीनच्या सुमारास निघावं लागतं. गाडीत डुलक्या काढत जिरकाटांगचं चेकपोस्ट येतं. तिथे गाड्यांची ही लांब रांग, टपरीवरचा चहा आणि हातात कागद घेऊन धावणारे ड्रायव्हर. फाटक ठरलेल्या वेळीच उघडतं. सगळ्या गाड्या एकत्र, पोलिसांच्या सोबतीने निघतात. वाटेत थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही, फोटो नाही, व्हिडिओ नाही. पुढचे जवळपास ५० किलोमीटर हाच नियम.

कारण हे जंगल जारवांचं आहे. डुकराची शिकार, मासे, मध, कंदमुळं यांवर जगणारी ही जमात इथे हजारो वर्षांपासून आहे. त्यांची लोकसंख्या किती? फक्त काहीशे. तुमच्या कॉलेजच्या एका वर्षाला याहून जास्त मुलं असतील! अंदमान ट्रंक रोड त्यांच्या जंगलातून काढायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी बाण चालवून विरोध केला. रस्ता तरीही झाला. १९९७-९८पासून ते हत्यारं न घेता जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्याला लहानपणी लस टोचलेली असते. बाहेरच्या जगापासून इतकी वर्षं दूर राहिलेल्या शरीराला मात्र आपला साधा सर्दी-खोकलाही महागात पडू शकतो.

२००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जारवांच्या जंगलातून जाणारा रस्ता बंद करायला सांगितलं. वाहतूक काही थांबली नाही. २०१२मध्ये एक व्हिडिओ जगभर गाजला. त्यात जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला सांगितलं जात होतं. त्यानंतर कायदा कडक झाला. आता त्यांचे फोटो काढणं, त्यांच्याशी संपर्क साधणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. तरीही 'नशीब असेल तर जारवा दिसतील' असं हळूच सांगून ट्रिप विकणारे भेटतातच. ताडोबात वाघाबद्दल जे बोलतात, तेच इथे माणसांबद्दल! असं सांगणारा एजंट सरळ बदला.

'एक बिस्किटाचा पुडा दिला तर काय बिघडलं?' असंही कोणीतरी म्हणतंच. बिघडतं. खाऊ मिळतो म्हणून पोरं रस्त्याकडेला उभी राहायला लागतात. तिथे त्यांना अपघात गाठू शकतो, रोग गाठू शकतो आणि त्यांचा फायदा घेणारी माणसंही.

मग जाऊच नये का? या ट्रिपवर बहिष्कार घाला म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरी बाजूही ऐका. बाराटांगवर माणसं राहतात. त्यातल्या कित्येकांचे आजोबा-पणजोबा छोटा नागपूरकडून जंगलकामासाठी इथे आणले गेले, म्हणून त्यांना अजूनही 'रांचीवाले' म्हणतात. घरात कोणी आजारी पडलं तर मोठ्या हॉस्पिटलला जायला त्यांना हा रस्ता लागतो. पर्यटकांची बोट चालवून, वाटेत लिंबू सरबत विकून काहींची चूल पेटते. त्यांची ती गरज आहे, आपली हौस. हा फरक लक्षात घेऊन काय ते ठरवा.

गेलात, तर मिडल स्ट्रेटला गाडीतून उतरेपर्यंत मोबाइल बॅगेत ठेवा. खिडकीतून काही फेकू नका, ड्रायव्हरला 'जरा स्लो घे ना' म्हणू नका. कोणी दिसलंच, तर आपल्या खिडकीत डोकावणाऱ्या अनोळखी माणसाने जसं वागावं असं वाटतं, तसं वागा आणि पुढे जा. पुढे खाडी ओलांडायची, मग स्पीडबोट, दोन्ही बाजूंनी वाकलेली खारफुटी आणि शेतातून पायपीट करत चुनखडीची गुहा. तिथे पाहिजे तेवढे फोटो काढा.

परत आल्यावर ग्रुपवर पहिला प्रश्न हाच येईल, 'काय रे, जारवा दिसले का?' त्याला गुहेचा फोटो पाठवा. आणि वेळ असेल तर ते काहीशे जण कोण आहेत, हेही सांगा.