वीस ओळींचं व्रत

मैत्रिणींनो, चातुर्मासात कांदा-लसूण बंद झाला म्हणून आपला स्वयंपाक अडतो का? उलट हिंग-जिऱ्याची करामत तेव्हाच कळते. पायथन शिकायला बसले तेव्हा मीही असंच व्रत घेतलं. पायथन म्हणजे गिदो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेली संगणकाची भाषा. नेम दोनच. प्रोग्राम २० ओळींत बसवायचा आणि आयता कुठून उचलायचा नाही. लेक हसली, "आई, सगळं तयार मिळतं गं!" मिळू दे.

करायचा होता आमच्या भिशीचा हिशेब. १२ जणी, महिना ५०० रुपये, म्हणजे दर महिन्याला एकीच्या हाती ६,०००. आधी एकेका महिन्याला एकेक ओळ लिहीत गेले. १२ ओळी तिथेच संपल्या! नावं, रकमा बसवू कुठे? मग झक मारत 'फॉर' शिकावं लागलं. दोन ओळींत वर्ष उरकलं.

पण यादी बघते तो काय, महिने अकराच! बारावा नंबर शेजारच्या काकूंचा. मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांनी तो मुद्दाम मागून घेतलेला. त्यांचेच ६,००० गायब! दोन रात्री डोकं खाजवलं तेव्हा उमगलं, 'रेंज(१, १२)' अकरावरच थांबतं, शेवटचा आकडा धरतच नाही. तिथे १३ लिहायला हवं होतं.

सुधारलेली यादी काकूंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून आधी स्वतःचं नाव शोधलं, मग वहीत सगळी बेरीज करून पाहिली. जुळली. ओळी झाल्या १७.