भोईवाड्यातून रुग्णालय किती लांब?

भोईवाड्यातल्या माणसाला मोठ्या रुग्णालयासाठी बस धरावी लागत नाही. १९२६ पासून के.ई.एम. इथेच आहे, जवळच वाडियांची बाळंतपणाची आणि मुलांची रुग्णालये, आणि १९४१ पासून टाटा मेमोरियल. लांबलांबच्या जिल्ह्यांतले रुग्ण इथे येऊन फुटपाथवर दिवस काढतात. तरीही वस्तीत फिरताना आम्हाला आजार हाताबाहेर गेल्यावरच रुग्णालय गाठणारी माणसे भेटतात. समाजशास्त्र म्हणते, सेवा जवळ असणे वेगळे आणि ती हाती लागणे वेगळे.

ओपीडी सकाळी असते. घरकाम करणाऱ्या बाईची कामेही सकाळीच. एक दिवस तपासणी, एक दिवस रक्त, एक दिवस रिपोर्ट, म्हणजे तीन खाडे. केसपेपर स्वस्त असतो, खाडे नसतात. म्हणून ती संध्याकाळी गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेते आणि महिना ढकलते. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. शिवाय ज्याच्या घरात कोणी कारकून किंवा नर्स आहे, त्याला नेमकी खिडकी ठाऊक असते. पिढ्यान्पिढ्या शिक्षण आणि नोकऱ्यांपासून दूर ठेवलेल्या समाजात अशी ओळख कुठून येणार?

गिरणगावात एकेकाळी कामगाराच्या खिशात विम्याचे कार्ड होते. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, पण त्याची पायाभरणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते त्या काळात, १९४२ ते १९४६ मध्ये झाली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याची बाजू घेतली होती. गिरणीत तरी समता होती का? विणाई खात्यात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना तिथे घेत नसत. पगार मात्र तिथेच चांगला! १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी कार्डेही गेली. आज त्याच घरांतली मुले डिलिव्हरीच्या आणि कंत्राटी कामांवर आहेत. त्यांच्या आजारपणाचा पगार कोण देणार?

तोवर जे हक्क आहेत ते तरी घ्यावेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक उपचार व शस्त्रक्रिया मोफत होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल शोधावे, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवावे. दुसरी गोष्ट फार कमी घरांत माहीत आहे. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही योजना लागू केली. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते, तेव्हा दाखला आजारपणाआधीच काढून ठेवा. रुग्णालयात गेल्यावर आधी समाजसेवा विभाग विचारा. खाट नाही म्हणाले, तर तेच कागदावर लिहून मागा आणि तो कागद घेऊन वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. एकटे जायला धीर होत नसेल, तर विहारातल्या एखाद्या लिहित्या-वाचत्या मुलीला सोबत न्या.